लांब बाह्या

अक्काची बॅग बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आठवडाभर उघडीच होती, आणि घरातला जो तो जाता-येता तिच्यात काहीतरी टाकून जात होता. भावानं विजेरी टाकली, मग विजेरीचे सेल टाकले, मग त्या सेलचा भरवसा नाही म्हणून आणखी सेल टाकले. भावजयीनं बोटीत मळमळू नये म्हणून गोळ्या ठेवल्या आणि त्या गोळ्यांनी झापड आली तर असावी म्हणून कॉफीची बाटली. अक्का संध्याकाळी दुकानातून आली की हातपाय धुऊन आधी हे सगळं बाहेर काढी आणि हवं तेवढंच परत आत ठेवी. आपण समुद्रात बुडी मारायला चाललो आहोत, नवा संसार थाटायला नाही, असं ती एकदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालीही. पण ऐकतं कोण? दुसऱ्या दिवशी बॅगेत सुईदोरा निघाला.

अक्का धाकट्या भावाकडे राहते असं लोक म्हणायचे. खरी गोष्ट उलटी होती. आईवडिलांच्या त्या घरात ती पहिल्यापासून होतीच, भावाचा संसार तिच्याभोवती वाढला. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, पण दुकानात येणाऱ्या फारच थोड्या गिऱ्हाइकांनी तिला पाहिलं होतं. मागच्या खोलीत बसून ती काचा फ्रेमच्या मापात घासून द्यायची. मालक माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं तिला आत बसवलं आणि आत उजेड चांगला येतो असं कारण दिलं. त्या खोलीला खिडकीच नव्हती. अक्कानं काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. तिला कोड होतं. शाळेत असताना कोपराजवळ बटणाएवढा पांढरा डाग उठला, आणि पुढे तो बोटांवर, गुडघ्यांवर, पावलांवर, ओठांच्या कडेनं आणि एका डोळ्याभोवती पसरला. पहिला डाग दिसला त्याच आठवड्यात आईनं तिच्या सगळ्या कपड्यांच्या बाह्या मनगटापर्यंत वाढवल्या. आई गेली, पण बाह्या तेवढ्याच राहिल्या. भर उन्हाळ्यात घाम निथळत असला तरी अक्काची गुंडी सुटायची नाही.

ती सुटली ती गुडघ्यांमुळे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून अक्का बायकांच्या वेळेला तलावावर गेली, तीही लांब बाह्या आणि पायघोळ विजार घालून. पोहायला शिकवणारी कोचबाई धिप्पाड आणि तोंडाची फटकळ. एवढं कापड अंगावर घेऊन पाण्यात उतरलात तर मला तुमच्या मागून उडी मारावी लागेल, तेव्हा एक तर हे काढा नाही तर घरी जा, असं तिनं सांगून टाकलं. अक्का काठावर बराच वेळ उभी राहिली. पाठ फिरवून जिन्यापर्यंत गेलीही. मग काय वाटलं कोण जाणे, परत आली, आत जाऊन कोचबाईनं दिलेला पोशाख घातला आणि उघड्या हातापायांनी पाण्यात उतरली. एका बाईनं कोचला बाजूला घेऊन, हे पाण्यातून पसरत तर नाही ना, असं विचारलं. कोचबाईचं कुजबुजणंसुद्धा तलावाच्या त्या टोकाला ऐकू जायचं.

"पाण्यातून फक्त पोहणं पसरतं," ती म्हणाली, "आणि तुमच्यात तर इतक्या दिवसांत तेही पसरलेलं नाही."

अक्का पाण्यात तोंड घालून हसली आणि नाकात पाणी गेलं.

पुढे कोचबाईनं तलावाच्या खोल टोकाला पाठीवर सिलिंडर बांधून बुडी मारायला शिकवायचं काढलं. अक्कानं पहिल्यांदा नळीतून श्वास घेतला तेव्हा तिला धडकी भरली होती. पण तळाशी गुडघे टेकून बसल्यावर, वर गोंगाट चाललेला आणि खाली फक्त आपल्याच श्वासाची घरघर, हे तिला इतकं आवडलं की वर यायची खूण पाहूनही तिनं दोनदा मुद्दाम न पाहिल्यासारखं केलं. आता कोचबाई तलावावरच्या चौघींना घेऊन दूरच्या एका बेटावर निघाली होती. समुद्रकाठी लाकडी खोल्या, दारातच निळं पाणी, आणि रोज सकाळी बोटीतून बुड्या मारायला जायचं. आधी बस, मग विमान, मग बोट. सोमवारी सकाळी निघायचं होतं.

तयारीतल्या एका कामाला मात्र अक्कानं कुणाला हात लावू दिला नाही. तिच्या डोळ्यांना मायनस सहाचा नंबर. चष्म्याशिवाय तिला बोटीवरून बोटसुद्धा दिसली नसती, मग मासे कुठले. बुडी मारायचा मुखवटा नवा घेतला, त्याच्या काचेच्या आतून टूथपेस्ट चोळून चोळून कारखान्यातला चिकटपणा घालवला, नाहीतर पाण्यात काच धुरकट होते. मग दुकानात जेवणाच्या सुट्टीत आपल्याच नंबरच्या दोन काचा मुखवट्याच्या आकारात घासल्या आणि दिव्याखाली घट्ट होणाऱ्या गोंदानं आतून चिकटवल्या. मालक मागे उभा राहून बघत होता. त्यानं काचांचे पैसे घेतले नाहीत. अक्कानं गल्ल्यावर ठेवून दिले.

बुधवारी भावजय एक पुडकं घेऊन आली. आत काळा पोशाख होता, पोहायचाच, पण गळ्यापासून मनगटापर्यंत आणि खाली घोट्यापर्यंत. भावजयीनं चार दुकानं पालथी घालून तो मिळवला होता आणि तो देताना तिचा चेहरा खुलला होता.

"वन्सं, ह्यात काही म्हणजे काही दिसणार नाही," ती म्हणाली.

अक्कानं पोशाख उलगडून उजेडात धरला. कापड चांगलं होतं. शिवाय तिच्या पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही, तासाभरात भाजून निघते, हे कोचबाईनंही बजावलं होतं. तेव्हा नको म्हणण्यात अर्थ नव्हता.

"भर दुपारी बोटीवर घालीन," ती म्हणाली. "उन्हासाठी घालीन. लोकांसाठी नाही."

भावजय जरा गोंधळली. तिच्या लेखी ऊन काय नि लोक काय, पोशाख घातला म्हणजे झालं. पण अक्कानं तो घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवला तेव्हा तिला बरं वाटलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

खरी गोष्ट शुक्रवारी बाहेर आली. भाऊ शाळेत गणित शिकवायचा. साधा, नाकासमोर चालणारा माणूस. घरी आल्यावर तो दिवाणाच्या कडेला बसला, अक्काची पायात घालायची रबरी वल्ही उचलून बघितली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाला की रविवारी ठकीच्या लग्नाचं बोलायला मुलाकडचे येणार आहेत. ठकी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. ती आणि हा मुलगा एकाच कचेरीत होते, दोघांनी आपलं आपण ठरवलं होतं आणि आता त्याचे आईवडील पहिल्यांदा घरी येणार होते. हे अक्काला ठाऊकच होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. भाऊ म्हणाला, रविवारी घरात गडबड असणार, तुला सोमवारी लवकर निघायचं, तर तू शनिवारीच कोचबाईंकडे राहायला का जात नाहीस, तुझीच धावपळ वाचेल.

हा आवाज अक्काच्या ओळखीचा होता. भावाच्या लग्नात याच आवाजात तिला आहेराच्या खोलीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि लग्न लागून जेवणं उठेपर्यंत ती तिथंच बसली होती. त्याच्या शाळेतले लोक घरी यायचे तेव्हा तर सांगावंही लागायचं नाही. ती आपण होऊन बाहेर पडायची. एकदा पाहुणे लवकर उठेनात म्हणून तिनं एकच सिनेमा लागोपाठ दोनदा पाहिला होता. कुणी तिला हाताला धरून घराबाहेर काढलं नव्हतं, आणि तेच तिला आता जास्त डाचत होतं.

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "मी त्यांना दिसू नये म्हणून?"

"तसं नाही, अक्का."

"मग कसं?"

भावानं वल्ही पुन्हा खाली ठेवली. 

"मी रविवारी घरीच आहे," अक्का म्हणाली. "याच दिवाणावर. बॅग भरत."

शनिवारभर घर दबक्या पावलांनी चाललं. रविवारी भावजयीनं दिवाणावर अक्काचा लांब बाह्यांचा निळा झगा कडक इस्त्री करून ठेवला. अक्कानं तो उचलला, पुन्हा खुंटीला अडकवला आणि बेटावर घालायला घेतलेला पिवळा, अर्ध्या बाह्यांचा झगा घातला. कोपराखालचे हात उघडे पडले तेव्हा तिला स्वतःच्याच घरात गारठल्यासारखं झालं. ठकीनं तिला पाहिलं आणि कपबशा मांडायला आत गेली. तिनं काही म्हटलं असतं तर अक्काला बरं वाटलं असतं.

मुलाकडचे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलाची आई देखणी, बोलायला गोड. तिनं पडद्यांचं कौतुक केलं, ठकीच्या हातच्या चहाचं केलं, आणि मग तिची नजर दिवाणावर बसलेल्या अक्काच्या हातांवर गेली ती तिथंच अडकली. ते भावानं पाहिलं. अक्काकडे न बघता तो घाईघाईनं म्हणाला, "ही माझी मोठी बहीण. लहानपणी भाजली होती. उकळतं पाणी सांडलं अंगावर."

हे अक्काच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्याला लपवतात हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं, पण आपल्यादेखत आपल्या अंगावर कधी न सांडलेलं पाणी ओततात हे नवीन होतं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर लगेच कणव आली. मुलाची आई चुकचुकली. आता गप्प बसलं की सगळं सुरळीत होणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. अक्कालाही.

"भाजलेलं नाही," ती म्हणाली. "कोड आहे मला. शाळेत होते तेव्हापासून."

कणव जशी आली तशी गेली. मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला, तो जरा वाजला. मग तिनं, आवाज तोच गोड ठेवून, घरात आणखी कुणाला आहे का ते विचारलं.

"सध्या मी एकटीच," अक्का म्हणाली. "पुढं कुणाला होईल, न होईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. दुखत नाही, खुपत नाही आणि लागतही नाही. माझ्याच ताटातलं खाऊन ही ठकी मोठी झाली."

 मुलगा आपल्या पायांकडे बघत राहिला.  शेवटी त्याच्या बापानं बॅगेतल्या वल्ह्यांकडे बोट करून ही काय भानगड म्हणून विचारलं. अक्कानं सांगितलं. बेट, बोट, बुडी, सगळं सांगितलं. तो गडी भलताच रंगला. किती खोल जाता, कानाला दडे बसत नाहीत का, शार्क आला तर, असं विचारत त्यानं मुखवटा हातात घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत तोंडावर चढवला. मायनस सहाच्या काचांतून त्याला काय दिसणार. बायकोच्या दिशेला बघून, अरे बापरे, इथं सगळं गढूळ दिसतंय, असं तो म्हणाला. बायकोनं ते उतरवायला सांगितलं. भावजयीला हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात दडवलं.

चहा संपला तसे पाहुणे उठले. कळवतो, असं मुलाची आई दारात म्हणाली, आणि त्या कळवण्यात काय आहे ते सगळ्यांना कळलं.

दार लागल्यावर भाऊ अक्कासमोर उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एक दिवस मागितला होता, अक्का. एकच दिवस."

"तुम्ही सगळे एकेक दिवसच मागत आलात," अक्का म्हणाली. "आणि मी देत आले. आता माझ्याकडं द्यायला उरलेले नाहीत."

तो काही बोलणार तेवढ्यात भावजय, जी एरवी नवऱ्यापुढं जीभ आवरून बोलायची, टेबल पुसता पुसता म्हणाली की वन्सं बोलल्या ते बोलल्या, पण भाजली म्हणायची तुम्हाला काय गरज होती? भावानं तिच्याकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर निघून गेला.

ठकीनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. अक्का बॅगेपाशी बसली, पण हात चालेनात. वल्ही आडवी ठेवली तर झाकण लागेना, तिरकी ठेवली तर कपडे मावेनात. आपलं काही चुकलं असं तिला वाटत नव्हतं. पण आतल्या खोलीत जी पोर होती तिला तिनं कडेवर घेऊन भरवलं होतं, चालायला शिकवलं होतं, आणि त्या पोरीला तो मुलगा मनापासून आवडला होता, हेही तितकंच खरं होतं. तिनं एकदा दारावर टकटक केली. आतून उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा केली नाही.

संध्याकाळी दिवे लागल्यावर ठकी बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात फोन. दिवाणावर बॅगेच्या पलीकडे बसली.

"मीच केला त्याला फोन," ती म्हणाली. "आईला समजवायला वेळ लागेल म्हणतो. मी म्हटलं, लागू दे वेळ. मग म्हणाला, लग्नात आत्यांनी लांब बाह्या घातल्या तर सोपं जाईल. फोटो राहतात ना कायम."

अक्कानं विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मग फोटो दुसऱ्या कुणाबरोबर काढ."

एवढं म्हणून ठकी रडायला लागली. अक्कानं मधली बॅग बाजूला सरकवली आणि तिला जवळ घेतलं. माझ्यासाठी मोडू नकोस, असं ती म्हणाली, आणि म्हणताना आपण हे खरंच म्हणतोय का, याची तिला खात्री नव्हती.

"तुझ्यासाठी नाही मोडलं," ठकी नाक ओढत म्हणाली. "आज त्यांना तुझ्या बाह्या लांब हव्यात. उद्या माझं काय लांब करायला सांगतील कोण जाणे. आणि तुझा मला राग आलाय, ते वेगळं. मला आधी सांगायचं होतंस, तू असं बोलणार आहेस म्हणून."

"मलाच ठाऊक नव्हतं."

"तरी आलाय."

"येऊ दे," अक्का म्हणाली.

मग ठकीनं डोळे पुसले, वल्ही उचलली, बॅगेच्या बाहेरच्या पट्ट्यांखाली एकावर एक अडकवली आणि झाकण लागलं. आठवडाभर हे कुणालाच सुचलं नव्हतं.

सोमवारी उजाडता उजाडता अक्का तोच पिवळा झगा घालून निघाली तेव्हा भाऊ बूट घालून दारात उभा होता. रविवारी रात्री तो उशिरा परतला होता. त्यानं बॅग घेतली. भावजयीनं वन्संच्या हातात पाण्याची बाटली दिली, दंडावर उगाच जरा वेळ हात ठेवला आणि पोचल्यावर कळवायला सांगितलं. ठकी झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडून होती. अक्कानं तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

बसथांब्यापर्यंत दोघं भावंडं चालत गेली. बॅगेचं एक चाक करकरत होतं आणि रस्त्यात दुसरा आवाज नव्हता. दूधवाला त्यांच्याकडे पाहून पुढं गेला. अर्ध्या वाटेत भावानं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कालचं," तो म्हणाला, "ते पाणी सांडल्याचं. माझ्या तोंडून कसं गेलं मला कळलं नाही."

अक्का चालत राहिली. त्याला बरं वाटेल असं काहीतरी म्हणायची तिला जुनी सवय होती, आणि शब्द ओठांवर आलेही होते. तिनं ते गिळले.

"तिथंच म्हणायला हवं होतंस," ती म्हणाली. "ते लोक बसले होते तेव्हा."

त्यानं मान हलवली.  पुढच्या वळणावर त्यानं समुद्राची भीती वाटत नाही का, ते विचारलं. वाटते, असं अक्कानं सांगितलं. थांब्यावर कोचबाई आणि बाकीच्या तिघी सामानाच्या ढिगात उभ्या होत्या आणि कोचबाईचा आवाज केव्हाचा कानावर येत होता. भाऊ जरा मागेच थबकला.

"शेजारी विचारतील अक्का कुठं गेली म्हणून. काय सांगू?"

"सांग समुद्रात बुड्या मारायला गेली," अक्का म्हणाली. "आणि कुणी म्हणालं कोण अक्का, तर सांग ती कोड असलेली. माझी बहीण म्हण."

भावानं तिच्याकडे पाहिलं. मग बॅग उचलून तो स्वतः बसच्या पोटात ठेवायला गेला. तिथल्या माणसानं ही कुणाची म्हणून विचारलं तेव्हा त्यानं उत्तर दिलं, "माझ्या बहिणीची. ती बघा, पिवळ्या कपड्यांतली," आणि हात लांब करून दाखवलं. अक्कानं ऐकलं. तिनं बसच्या पायरीवर पाय टाकला.

आत कोचबाई आणि तिघी मागच्या लांब बाकावर पसरल्या होत्या, तिथं जागा नव्हती. अक्काला पुढं, एका अनोळखी बाईशेजारी जागा मिळाली. अक्का बसली, हातातली पिशवी मांडीवर घेतली, हात त्यावर ठेवले. त्या बाईनं हात पाहिले, तोंडाकडे पाहिलं आणि पदर सावरल्यासारखं करून खिडकीकडे चांगली वीतभर सरकली.

पूर्वीची अक्का असती तर तीही दुसऱ्या बाजूला सरकली असती, बाह्या ओढून घेतल्या असत्या, कदाचित उठून उभीच राहिली असती. अक्कानं त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं. पिशवी मांडीवर तशीही अडचणच करत होती. तिनं ती उचलून दोघींच्या मध्ये नीट बसवली, पाय सैल सोडले, कोपर पिशवीवर टेकलं.

"आभारी आहे हं," ती त्या बाईला म्हणाली. "लांबचा प्रवास आहे माझा."

बस सुरू झाली. खाली भाऊ अजून हात वर करून उभा होता.